पाक न झालेला ग्रॅनोला

पहिल्या खेपेचा ग्रॅनोला, म्हणजे मध आणि पीनट बटर लावून भाजलेले ओट्स, ओव्हनमधून बाहेर आला तेव्हा घरभर भाजक्या दाण्यांचा खमंग वास सुटला होता आणि ट्रे इतका देखणा दिसत होता की मी त्याचे छायाचित्र लगोलग भावंडांना पाठवूनही दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी उघडली, तर आतले ओट्स रात्रभर उघड्या राहिलेल्या कुरमुऱ्यांसारखे चिवट झाले होते. जुलैचा पहिला आठवडा होता, डोंबिवलीत चार दिवस ऊन दिसले नव्हते, त्यामुळे सगळा दोष हवेवर ढकलून मोकळे होणे सोपे होते. आई तेव्हा अमळनेरहून आमच्याकडे आलेली होती. तिने चिमूटभर तोंडात टाकले, जरा वेळ चावून पाहिले आणि म्हणाली, "हवेने सादळलाय खरा, पण मुळात याचा पाकच झालेला नाही."

पाक हा शब्द माझ्या डोक्यातही आला नव्हता. मध, पीनट बटर आणि तेल थोडे कोमट करून ढवळायचे, ते ओट्सवर ओतायचे आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवायचा, एवढीच कृती मला ठाऊक होती, आणि त्या ओतायच्या द्रवाला मी मनातल्या मनात 'मिश्रण' म्हणत होतो. संक्रांतीला तीन-तीन किलो तिळाच्या वड्या थापणाऱ्या बाईला मात्र त्यात न शिजलेला पाक दिसला. पुढच्या चारही खेपा मी त्या एका वाक्याच्या आधारे केल्या, आणि त्यांपैकी शेवटच्या दोन चांगल्या जमल्या.

हा उद्योग मी सुरू केला तो दुकानातल्या ग्रॅनोलाच्या एका पाकिटामुळे. पाकिटावर दाण्यांचे मोठे चित्र होते, परंतु मागच्या बाजूच्या घटकांच्या यादीत ओट्सच्या पाठोपाठ साखर होती आणि पीनट बटर पार खालच्या ओळीत गेले होते. ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, हे माहीत असले की पाकिटाच्या पुढच्या बाजूचे चित्र फारसे पाहावे लागत नाही. ज्या घरात दर महिन्याला दोन किलो शेंगदाणे कूट, चटणी आणि शेंगदाण्याच्या आमटीत संपतात, त्या घराने दाण्यांच्या वासासाठी एवढे पैसे मोजावेत, हे मला काही पटले नाही.

ग्रॅनोला आणि दाण्याचे लोणी यांचा संबंध मात्र आजकालचा नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल या गावी जेम्स केलेब जॅक्सन या डॉक्टरने १८६३ मध्ये ग्रॅहम पिठाचे, म्हणजे न चाळलेल्या भरड कणकेचे, पत्रे भाजून, फोडून आणि पुन्हा भाजून जो पदार्थ बनवला त्याचे नाव 'ग्रॅन्युला' होते. तो इतका टणक असे की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय चावता येत नसे. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी तशाच धर्तीचा पदार्थ त्याच नावाने काढला, तेव्हा जॅक्सन यांच्या बाजूने आक्षेप आला आणि एका अक्षराचा बदल होऊन 'ग्रॅनोला' हे नाव रूढ झाले. याच केलॉग यांनी १८९५ मध्ये शेंगदाण्यांपासून लोण्यासारखा लगदा करण्याच्या पद्धतीच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला होता. ते दाणे भाजत नसत, उकडत असत. उकडलेल्या शेंगा मलाही आवडतात, पण त्यांचे लोणी पोळीला लावून खायची कल्पना काही रुचत नाही. मध, तेल आणि सुकामेवा घातलेला, ओट्सचा आजचा ग्रॅनोला अमेरिकेत १९६० नंतरच्या काळात पसरला.

पीनट बटर मी घरीच करतो, म्हणून माझ्या कृतीची सुरुवात दाणे निवडण्यापासून होते, आणि हे काम मी टीव्हीसमोर बसून करत नाही. सुरकुतलेला, काळपट किंवा बुरशीचा ठिपका असलेला दाणा भाजल्यावर इतरांत मिसळून जातो आणि मग सापडत नाही. असा एक कडू दाणा सगळ्या बटरची चव घालवतो, हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. दमट जागी साठवलेल्या शेंगदाण्यांवर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि घरगुती भाजणीने ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. म्हणून शंका आली की दाणा बाजूला, असा माझा नियम आहे, मग अर्धा किलोतून मूठभर गेले तरी चालतील.

दाणे कढईत मंद आचेवर भाजायचे की ओव्हनमध्ये, यावर आमच्या घरी दोन मते आहेत. कढईत वास लवकर सुटतो, पण हात जरा थांबला की दाण्याची एक बाजू डागते आणि आतला भाग कच्चट राहतो. कुटासाठी हे चालून जाते, बटरला चालत नाही, कारण कच्चट दाण्यातून तेल नीट सुटत नाही. मी १६० अंशांवर साधारण १७ मिनिटे भाजतो, मध्ये एकदा ट्रे हलवतो आणि एक दाणा फोडून पाहतो. आतल्या फाकी फिकट बदामी दिसल्या की ट्रे बाहेर. दाणे पूर्ण गार झाल्यावर जाड पंचात चोळले की साले सुटतात. ती सुपात पाखडण्याचे काम आई गच्चीच्या दाराशी बसून दोन मिनिटांत करत असे. मला ते अजून येत नाही, माझ्या हातून सालांबरोबर अर्धे दाणेही उडतात, म्हणून मी चाळणीत हलवून आणि फुंकर मारून काम भागवतो.

वाटण्याआधी दाणे पुन्हा कोमट करून घेतो, कारण कोमट दाण्यांतून तेल लवकर सुटते. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात एका वेळी २०० ग्रॅमच घालतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात नेहमीचा कूट होतो. मग कूट भांड्याच्या कडांना चिकटून बसतो आणि पाते मोकळे फिरू लागते. तो खरवडून पुन्हा फिरवला की त्याचा ओलसर गोळा होतो, आणि ज्याने हे पूर्वी केलेले नाही तो इथे हमखास घाबरतो. मीही घाबरलो होतो, आणि गोळा सैल व्हावा म्हणून मी त्यात दोन चमचे पाणी घातले होते.

ते पाणी मला त्या दिवसाचे सगळे दाणे घालवून गेले. शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेल असते. वाटताना पेशी फुटून ते तेल बाहेर येते आणि उरलेले बारीक कण त्यात तरंगू लागतात, म्हणून लोणी वाहते होते. थोडेसे पाणी पडले की ते कण पाणी शोषून एकमेकांना चिकटतात आणि सैल होण्याऐवजी सगळे घट्ट होते. मिक्सरमधून जळका वास येऊ लागला, गोळा कणकेसारखा झाला आणि शेवटी त्याची चटणी करून संपवावी लागली. आता गोळ्याच्या टप्प्यावर मी मिक्सर बंद करतो, भांडे पाच मिनिटे गार होऊ देतो, खरवडतो आणि पुन्हा फिरवतो. तीन-चार वेळा असे केले की अचानक गोळा मोडतो, आवाज बदलतो आणि भांड्यात पातळ, चकचकीत बटर फिरू लागते. मीठ शेवटी घालतो. गूळ किंवा मध या टप्प्यावर अजिबात घालत नाही, कारण त्यांच्यातही पाणी असते. विकतच्या काही बटरमध्ये घट्टपणा टिकावा म्हणून हायड्रोजनयुक्त तेल मिसळलेले असते. घरच्यात ते नसल्यामुळे चार दिवसांनी तेल वर येते, त्यात काही बिघाड नाही, चमच्याने ढवळले की झाले.

आता पाकाकडे येतो. पहिल्या खेपेत मी मध वापरला होता. मधात साधारण १७ ते २० टक्के पाणी असते. शिवाय त्यातल्या फळशर्करेला हवेतला ओलावा खेचून घेण्याची ओढ असते आणि ती उसाच्या साखरेपेक्षा लवकर काळवंडते. म्हणजे ओव्हनमध्ये वरचा थर तपकिरी झाला, मी झाले असे समजून ट्रे बाहेर काढला, आणि आतले पाणी आतच राहिले. वर पुन्हा ओव्हन १८० अंशांवर होता, त्यामुळे रंग आणखी लवकर आला. आई म्हणत होती ते हेच.

दुसऱ्या खेपेला मी तिचे म्हणणे अर्धवट ऐकले. मधाऐवजी साधा गूळ किसून पीनट बटरमध्ये ढवळला आणि तसाच ओट्सना चोळला. गूळ ओव्हनमध्ये वितळेल अशी माझी समजूत होती. वितळला, पण जिथे खडा होता तिथेच वितळून करपला, आणि उरलेले ओट्स अळणी राहिले. तो ग्रॅनोला चाळून-निवडून दोन आठवडे एकट्याने खाल्ला. घरातल्या इतरांनी त्याची चौकशीही केली नाही.

तिसऱ्या खेपेआधी आईने मला चिक्कीचा गूळ आणायला लावला. संक्रांतीच्या सुमारास हा वाण्याकडे वेगळा ठेवलेला असतो, आडदिवसांत मागावा लागतो. तो साध्या गुळापेक्षा चिकट असतो आणि त्याचा पाक गार झाल्यावर कडक होतो. साध्या गुळाच्या वड्या खुसखुशीत होतात, पण दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. मला ज्या गोष्टीची गरज होती ती वाण्याकडे नाव लावून ठेवलेली होती आणि मी मात्र पाच प्रकारच्या मधांची तुलना करत बसलो होतो.

शेवटी जे प्रमाण ठरले ते असे: रोल्ड ओट्स ३०० ग्रॅम, पीनट बटर १५० ग्रॅम, चिक्कीचा गूळ १२० ग्रॅम, शेंगदाणा तेल दोन मोठे चमचे, भोपळ्याच्या बिया आणि भरड कुटलेले दाणे मिळून ५० ग्रॅम, अर्धा चमचा मीठ आणि थोडी वेलची पूड. मीठ वगळू नये. दाणा आणि गूळ यांची चव मिठाशिवाय जिभेवर नुसती गोड होऊन बसते. ओट्स मात्र जाड, पूर्ण चपटे केलेलेच घ्यावेत. झटपट शिजणारे बारीक ओट्स मी पहिल्यांदा वापरले होते. त्यांचा निम्मा भाग पाकात भिजून पीठ होतो आणि तोंडात सातूच्या पिठासारखा घोळतो. अर्धे ओट्स कमी करून ज्वारीच्या लाह्या घालण्याचा प्रयोगही एकदा केला. लाह्या पाकाने चामट झाल्या, तो प्रयोग तिथेच थांबवला.

ओट्स आणि बिया आधी कोरड्याच १५० अंशांवर दहा मिनिटे भाजून घेतो. पावसाळ्यात बंद पाकिटातले ओट्ससुद्धा पाकीट एकदा उघडले की ओलावा धरतात, तो या भाजणीत जातो. याहून महत्त्वाचे म्हणजे ओट्स गरम असतात. गार ओट्सवर गरम पाक पडला की तो पडल्या जागी आळतो आणि ढवळेपर्यंत त्याच्या गुठळ्या होतात. चिवड्याला फोडणी घालताना पोहे कोमट असावेत असे का म्हणतात, ते मला या निमित्ताने कळले.

गूळ चिरून, जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे पाणी आणि तेल घालून मंद आचेवर ठेवतो. गूळ विरघळून फेस येतो, फेस आधी मोठ्या बुडबुड्यांचा असतो, मग बारीक आणि दाट होतो. वाटीभर गार पाण्यात एक थेंब टाकून पाहायचा. चिक्कीसाठी तो थेंब कडक होऊन तोडला की 'कट्' असा आवाज यावा लागतो. तिसऱ्या खेपेत मी तिथपर्यंत गेलो आणि पातेल्यातच दगड झाला, ओट्सना लागण्याआधीच. त्या दिवशी आम्ही ग्रॅनोला केला असे म्हणता येणार नाही, ओट्सची चिक्की केली असे म्हणावे लागेल, आणि ती फोडायला बत्ता लागला. तेव्हा आईने आणि मी मिळून जो मध्य काढला तो असा, की थेंबाची बोटांत मऊ गोळी होऊ लागली की गॅस बंद करावा, आणि पाकाचे उरलेले काम ओव्हनवर सोपवावे. गॅस बंद केल्यावर त्यात पीनट बटर, मीठ आणि वेलची घालून भराभर ढवळायचे. इथे मिश्रण घट्ट होते, कारण वर सांगितलेली पाण्याची आणि कणांची तीच भानगड पुन्हा घडते. पण पाक गरम असतो आणि तेल आधीच घातलेले असते, त्यामुळे ते चमच्याने हलण्याइतके सैल राहते. लगेच ओट्समध्ये ओतून दोन कालथ्यांनी वरखाली करायचे. हाताने करू नये, बोटे पोळतात. मी करून पाहिले आहे.

आमचा ओव्हन म्हणजे छोटा ओटीजी आहे आणि त्याची कळ १५० वर ठेवली की आत प्रत्यक्षात १७० अंश असतात, हे मला आत ठेवायचा तापमापक आणल्यावर समजले. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी कळ थोडी कमी ठेवून वेळ वाढवावा. ट्रेवर बटर पेपर घालून मिश्रण बोटभरापेक्षा कमी जाडीचे पसरतो आणि वाटीच्या बुडाने दाबतो, कारण दाबल्याशिवाय पुढे ढेकळे होत नाहीत. पंधरा मिनिटांनी ट्रे फिरवून ठेवतो, कडेचे मधे आणि मधले कडेला एवढेच हलके हलवून पुन्हा दाबतो, आणि आणखी दहा ते बारा मिनिटे ठेवतो.

यानंतरचा क्षण फसवा आहे. ट्रे बाहेर काढला तेव्हा ग्रॅनोला मऊच असतो, आणि मऊ आहे म्हणून आणखी पाच मिनिटे ठेवावा असे वाटते. त्या पाच मिनिटांत तो करपतो. गरम पाक नेहमीच मऊ असतो, तो गार झाल्यावर काचेसारखा होतो. म्हणून मी एक चमचाभर बशीत काढून पंख्याखाली दोन मिनिटे ठेवतो आणि मग चावतो. कुरकुरीत लागला तर झाला, दाताला चिकटला तर पुन्हा आत. पहिल्या खेपेला मी रंग पाहून निर्णय घेतला होता. रंग साखरेचा असतो, त्यावरून आतल्या पाण्याचा पत्ता लागत नाही.

गार होईपर्यंत ट्रेला हात लावत नाही. उन्हाळ्यात तो ओट्यावर तासभर राहिला तरी चालते, पण जुलैमध्ये, जेव्हा हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा उघड्यावर गार होतानाच तो ओलावा घेऊ लागतो. म्हणून ओटीजी बंद करून, दार दोन बोटे उघडे ठेवून, मी ट्रे पाच मिनिटांसाठी आत परत सरकवतो, आणि मग बाहेर काढून हाताला कोमटही लागेनासा झाला की लगेच मोडून भरतो. कोमट असताना झाकण लावले तर झाकणाच्या आतून थेंब जमतात आणि सगळे केलेले पाण्यात जाते. एका मोठ्या बरणीऐवजी तीन छोट्या बरण्या भरतो, म्हणजे रोज उघडली जाते ती एकच. मनुका आणि खजुराचे तुकडे बरणीत घालत नाही, खाताना वाटीत घालतो. ओव्हनमध्ये मनुका फुगून कडू होतात, आणि बरणीत त्यांच्यातला ओलावा ओट्सकडे जातो. इतके करूनही सादळला, तर १२० अंशांवर आठ-दहा मिनिटे ठेवला की पुन्हा कुरकुरीत होतो. चौथ्या खेपेतली शेवटची बरणी मी अशीच सावरली. एक-दीड महिन्यानंतर मात्र तेलाला खवट वास येऊ लागतो आणि त्यावर उपाय नाही, म्हणून मी थोडाच करतो.

घटकांच्या नेहमीच्या आकड्यांवरून हिशेब केला, तर १०० ग्रॅमला सुमारे ५०० कॅलरी भरतात. म्हणजे ४० ग्रॅमच्या लहान वाटीत २०० झाल्या, दूध वेगळेच. हलका आहार म्हणून जो कोणी हे वाडगाभर खातो त्याने एकदा वजन करून पाहावे. मी दह्यावर तीन चमचे घालतो. शेजारी बरणी द्यायची असली, तर घरात कोणाला शेंगदाण्याची अॅलर्जी नाही ना, हे आधी विचारून घेतो.

आईला चव आवडली, पण तिची तक्रार वेगळीच होती. दाणे उपासाला चालतात, गूळ चालतो, मग या ओट्सपायी चतुर्थीला बरणीकडे नुसते बघत बसायचे का, असे तिने विचारले. म्हणून अमळनेरला परतताना तिने ओट्सऐवजी राजगिऱ्याच्या लाह्या घालून करायला सांगितले आहे. राजगिऱ्याच्या लाह्या ज्वारीच्या लाह्यांसारख्या चामट होतात की लाडवातल्यासारख्या कुरकुरीत राहतात, ते करून पाहायचे आहे. पाचव्या खेपेची आता एकच बरणी उरली आहे, आणि तिच्या तळाशी जमलेला दाण्याचा आणि गुळाचा भुगा आम्ही शिकरणीवर घालून खातो.